अजून अर्धा कप

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आपले मॅनेजरसाहेब, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती आपल्या सगळ्यांच्या आक्का, आणि धुलाई, इस्त्री, शिवण अशा सगळ्या खात्यांतून हात पुसत आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, नमस्कार.

भाषण लिहून आणलंय. न लिहिता बोललो की मी कुठल्या कुठे जातो. पाचवीत मी शाळा सोडली की शाळेनं मला, याचा निकाल अजून लागायचाय. तेव्हा सांभाळून घ्या.

फाटक्या चादरी सांधणाऱ्या आक्का सगळ्यांनी पाहिल्या. पण आपलं वर्षाचं नाटक बसवणाऱ्या आक्का पाहायच्या तर वाळवणीच्या खोलीत तालमीला यायला हवं होतं. यंदा एका प्रवेशानं सगळ्यांचा घाम काढला. तसं त्यात आहे काय? मुलगा कामासाठी लांब निघालाय, बाप चहा पितोय. बस्स. मुलगा मी. बाप आपले फाटकावरचे काका.

पहिल्या दिवशी मी असा गरजलो की यंत्रंसुद्धा दचकली असतील. आक्का म्हणाल्या, "अरे, कोणाला हाका मारतोयस? बाप समोरच बसलाय ना?"

काकांची अडचण वेगळी. वाक्यं त्यांच्यापाशी टिकेनात. सकाळी पाठ, संध्याकाळी सपाट. माणूस बदला, अशी कुजबुज झाली. ती काकांच्याही कानावर गेली. म्हणाले, "आक्का, मला काढा हो. डोक्यात काही राहत नाही आता." तोंडानं म्हणत होते, पण हातांनी खुर्ची घट्ट धरलेली.

आक्का म्हणाल्या, "वाक्यं काढते. तुम्हाला नाही."

आणि खरंच काढली. एकच ठेवलं, "जा, सांभाळून राहा." मग शिवणाच्या खडूनं माझ्या पावलांभोवती गोल काढला. "काका कप खाली ठेवत नाहीत तोवर यातून पाय काढायचा नाही. कप ठेवला, ते बोलले, की बॅग उचलायची."

"तोवर मी काय करू?"

"जाऊ नकोस. तेवढंच कर."

"लोक कंटाळतील, आक्का."

"कपात चहा आहे तोवर पोरगा घरात आहे, हे एकदा कळू दे लोकांना. मग बघ कोण हलतंय."

मंडळी, मी दिवसभर ट्रॉल्या ढकलणारा माणूस. पायाला भिंगरी. तीन गावं, पाच नोकऱ्या करून इथं आलोय. मला उभं राहायला सांगणं म्हणजे शिक्षाच की!

तालमीत कप रिकामा असायचा. काका दोन खोटे घोट घ्यायचे, झालं. प्रयोगाच्या दिवशी मात्र इस्त्रीतल्या काकूंनी, म्हणजे काकांच्या सौभाग्यवतींनी, कोणाला न विचारता त्यात खरा चहा ओतला. काठोकाठ, वाफाळता! का? तर, "चारचौघांत माणसानं रिकामा कप तोंडाला लावायचा? बरं दिसतं का?"

काकांनी फुंकर घातली. भुरका मारला. मागं कोणीतरी हसलं. दुसऱ्या भुरक्याला कोणी हसलं नाही. माझ्या पायांना मुंग्या आल्या. पडद्याआड आक्का तळवा वर करून उभ्या होत्या. थांब. कप हळूहळू कलता होत गेला, तशी पुढची रांग खुर्च्यांच्या कडेला सरकली. शेवटचा घोट. कप टेबलाकडे निघाला आणि मधेच थबकला. काकांच्या डोळ्यांत मला दिसलं, ते एकुलतं एक वाक्यही गेलं होतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "थांब रे जरा. अजून अर्धा कप घेतो."

आता? कप तर खाली ठेवलाच नव्हता! मी आक्कांकडे पाहिलं. एका हातानं त्या डोळे पुसत होत्या, दुसरा तळवा तसाच वर. मग त्यांनीच पडदा पाडायची खूण केली. लिहिलेल्या नाटकातला मुलगा गेला असेल. आपल्यातला गेलाच नाही.

त्या संध्याकाळी जिन्यात उभं राहून किती जणांनी घरी फोन लावला, ते जिन्यालाच ठाऊक. एक मी होतो. बाबा म्हणाले, "काय रे, काही झालं का?" म्हटलं, "काही नाही. चहा प्यालात का?"

काकांना नंतर विचारलं, विसरलात की मुद्दाम? ते समोरच बसलेत, तुम्हीही विचारा. मला म्हणाले, "चहा फक्कड झाला होता."

आक्का उद्या लेकीकडे निघतायत, कायमच्या. त्यांच्या लेकीचे आभार, की तिनं इतकी वर्षं आई आम्हाला वापरू दिली. साहेबांचे आभार, वाळवणीची खोली दिल्याबद्दल. माझ्या बोलण्यात कुठं टाका सुटला असेल, तर आक्कांच्या हाताखालचा म्हणून पदरात घ्या.

आणि आक्का, काकूंनी मघाशी तुमच्या हातात चहा दिलाय. मी केव्हापासून त्या कपाकडेच बघतोय. सावकाश प्या. आणि संपत आला, तर खाली ठेवू नका. काकू किटली घेऊन उभ्याच आहेत.