बंद मिशीन वाजलं तेव्हा

ऐका. जरा जवळ सरका, आणि ते मोबाईल खिशात घाला. ही गोष्ट धरणाच्या पोटातली हाय. ज्याच्यावर बेतली तो दौलती साबळे माझा भिंतीला भिंत शेजारी.

वैशाखातला दिवस बुडाला, जेवणवेळ टळली, आणि दौलती एकटाच घराबाहेर पडला. खांद्याला पिशवी, हातात बॅटरी.

"कुठं रं या वक्ताला?" मी ओट्यावरनं इचारलं.

"आलोच, आबा."

आलोच! माणूस कुठं जातोय ते सांगत न्हाय ना, तवाच वळखावं.

चालला होता जुन्या सावरखेताला. आपलं जुनं गाव धरणात बुडालं, हे तुमच्यातल्या काहींना ऐकून ठावं असंल. त्या साली पाणी लई हटलं आणि गाव वर आलं. गाव म्हंजे काय, भिंती न्हाईत, माणसं न्हाईत. नुसती जोती, उंबरे आणि गाळ.

गाव सोडायच्या दिवशी, बैलगाडी भरताना, दौलतीच्या बायकोचं, अनसूयेचं, एक जोडवं अंगणात पडलं होतं. नवी नवरी होती. लई हुडकलं, गावलं न्हाय. जन्मभर म्हणायची, "अवं, माझं एक जोडवं तिकडंच ऱ्हायलं बघा." आता ती बी गेलेली. लेक लांब दिलेली. दौलती एका माणसाची भाकरी थापायचा, आणि त्यातली निम्मी कुत्र्याला घालायचा.

पिशवीत होतं एक मिशीन. दौलती देवीच्या देवळात दारावर रखवालीला होता. जत्रेत अंगावरनं फिरवत्यात न्हाय का, ती काळी दांडी? लोखंड, चांदी, काय बी जवळ आलं की कुई करणारी? तीच. एका रात्रीपुरती मागून आणलेली.

जुन्या घराच्या उंबऱ्यावर बसून त्यानं दांडीत नवा सेल घातला, झाकण लावलं. हातातलं कडं, किल्ल्या, कमरेचा पट्टा, समदं काढून लांब ठेवलं. आपल्याच अंगावरच्या लोखंडाला मिशीन फसतं, म्हणून. बटण सरकवलं. हिरवा दिवा लागला. उरलेलं जोडवं त्यानं घरनं आणलं होतं, ते दगडावर ठेवून वरनं दांडी फिरवली. कुईईई! तांबडा दिवा! मिशीन चोख होतं. मग ते जोडवं बी लांब ठेवलं, आणि जमिनीपासनं चार बोटं वर धरून, झाडू मारावा तशी सावकाश दांडी फिरवायला लागला.

भवती काय? काय न्हाय. कुत्रं न्हाय, रातकिडा न्हाय. एवढ्या मोठ्या गाळात एक बॅटरी आणि एक म्हातारा.

कुई. उकरलं. खिळा. कुई. पत्र्याचा तुकडा. कुई. जोडवं! उजेडात धरलं. अनसूयेच्या जोडव्यावर मासोळी होती, हे साधंच. असंल कुणाचं तरी म्हणून खिशात टाकलं. दोन पावलं पुढं, कुई. परत जोडवं. परत येगळं. आणखी पुढं, परत कुई. आता तुम्हीच सांगा, एका अंगणात किती बायांची जोडवी पडावीत?

पर थांबतंय कोण! मान खाली, नजर दांडीच्या टोकावर. उंबरा कवा मागं ऱ्हायला, पायाखालचा गाळ कवा ओला झाला, ध्यानात न्हाय. चकवा म्हंत्यात त्याला. त्यो वाट चुकवतो, आणि आपल्याला वाटतं आपुन आपल्याच पायानं चाललोय.

मग दांडीचा दिवा विझला. सेल गेला वाटतं, म्हणून त्यानं बटण बंद केलं.

कुई.

बंद मिशीन वाजलं! त्यानं झाकण उघडून सेल काढला. कुईईई! रिकामी दांडी वरडतीय, आणि त्याचा हात वढतीय. पाण्याकडं!

दुसरा कुणी असता तर दांडी टाकून पळाला असता. मी तर पळालोच असतो, खोटं कशाला बोलू! दौलती न्हाय पळाला. मागनं मला म्हणाला, "आबा, कुणीतरी बोलवत होतं रं. घरात मला कोण बोलवतंय?"

गुडघाभर पाण्यात त्यानं वाकून हात घातला. गाळात बोटांना जोडवं लागलं. मासोळी! चाचपूनच वळखली. वढलं. येईना. जोर लावला. येईना. मग आतनं बोट फिरवलं, तर जोडव्याच्या आत पायाचं बोट होतं. थंडगार. आणि ते हललं.

"दौलती," पाण्यातनं आवाज आला. अनसूयेचाच. "किती उशीर केलास, दौलती. बस इथं. जेवलास का?"

बायांनो, जुनी बाई ती. उखाण्याबिगर नवऱ्याचं नाव कधी तोंडातनं काढलं असंल? "अवं"बिगर हाक न्हाय! दौलतीला तिथंच कळलं, ही अनसूया न्हवं. आणि कळूनसवरून तो बसला. ऐका नीट! पाण्यात बसला.

"न्हाय जेवलो," म्हणाला. "बोल. काय बी बोल."

आणि ते बोलत ऱ्हायलं. गोड बोललं. गाळानं मांड्या धरल्या. पाणी छातीला लागलं, मग हनुवटीला.

तेवढ्यात लांबनं कंदील हलला. हैबती भोई! मासे धरायला रातभर तराफ्यावर असतो तो. "कोण हाय रं तिकडं? गाळ खोल हाय!"

"ओ देऊ नगंस," पाणी कानात म्हणालं.

"आरं, बोल की! माणूस हाईस का कोण?"

माणूस हाईस का! त्या सवालासरशी दौलती वरडला. "हाय! माणूस हाय! वढ मला!"

हैबतीनं दोर फेकला. इकडनं हैबती वढतोय, खालनं पाय कुणीतरी धरलेला! दोराखाली तळहात सोलले. वहाणा, विजार, मिशीन, समदं गाळात गेलं, तवा कुठं हा वर आला. तराफ्यावर कंदिलाच्या उजेडात सदऱ्याचा खिसा उलटा केला, तर जोडवी कुठली! वेटोळ्याच्या गोगलगाई. ओल्या. जित्या.

ताप उतरंना तवा मी उशाशी बसलो होतो. म्हणाला, "आबा, मी भुताला न्हाय भ्यालो. त्यानं जेवलास का इचारलं आणि मला बरं वाटलं. त्याला भ्यालो."

म्हणून सांगतो, पिंपरणीच्या झाडाखालनं जुन्या सावरखेताला उतरती ती वाट पुन्हा कुणी धरायची न्हाय. पाणी कितीबी हटू दे, वाट कोरडी ठाक दिसू दे. आणि आता घरी जाताना आपल्या आळीत कोण एकटं जेवतंय ते बघा. दारातनं हाक मारा. आपुन न्हाय मारली, तर ते मारतंय.