देव्हाऱ्यातला पेनड्राइव्ह

अनुपमा : लाल फडक्यात काय आणलंत, बाबा? प्रसाद?

लवू : गाठ ओढू नको, सोडव. पेनड्राइव्ह आहे.

अनुपमा : याला कुंकू लावलंय.

लवू : दसऱ्याचं आहे ते. तू गेल्यावर मी देव्हाऱ्यात ठेवायला लागलो. ड्रॉवरात बिलं, गोळ्या, रबरबँडं. बारा वर्षांचं लिखाण त्यात कशाला? सरस्वती ती.

अनुपमा : माझ्या हातात होती तोवर ड्रॉवरातच चालायची. असो. मुलुंडहून दहिसर म्हणजे दीड तास. नितेशला पाठवायचं ना.

लवू : नाय म्हणाला. मी म्हटलं, मी जातो. नवऱ्याला तू दारातून परत पाठवशील. सासऱ्याचं वय बघून आत तरी घेशील.

अनुपमा : हिशेब बरोबर आहे. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो. हां. बोला.

लवू : चौदा दिवस झाले गो, ब्लॉग बंद आहे. "भोंग्यानंतर" उघडला की पांढरं पान. आधी कसल्यातरी जुगाराच्या जाहिराती यायच्या, मग त्यापण गेल्या. ज्यांच्याकडे ब्लॉगसाठी जागा घेतलीय त्यांना फोन लावला. ते म्हणतात, कोणीतरी आत शिरला आणि सगळं पुसून गेला.

अनुपमा : त्यांच्याकडे प्रत असते.

लवू : ती पण त्याच कपाटात ठेवलेली. चोराने दोन्ही नेलं. मला विचारतात, आजोबा, तुमच्याकडे बॅकअप आहे का? मी छाती ठोकून सांगितलं, आहे. दर रविवारचा आहे. त्यांनी मग नवी रिकामी जागा करून दिली. म्हणाले, चढवा.

अनुपमा : मग नितेशने चढवला नाही?

लवू : दोन रविवार झटतोय. चढवतो, तरी पान पांढरं ते पांढरंच. तुझ्याशिवाय आमच्यात हे कोणाला कळतं?

अनुपमा : बॅकअप तोच घ्यायचा ना?

लवू : एक रविवार चुकवला नाही त्याने. मटण झालं की हात धुवून बसायचा. मी शेजारी. हिरवी रेघ पूर्ण भरली की तो काढायचा, मी फडक्यात बांधायचो.

अनुपमा : आणि आत काय आलंय, ते उघडून बघितलं कधी?

लवू : देवाक कोण उघडून बघता गो?

अनुपमा : थांबा, लावते. हं. आलं. हा गिरणीच्या गेटचा फोटो. ही गोदूआत्या. हे टाइम ऑफिसात हजेरी मांडताना तुम्ही, केस होते तेव्हाचे. वरची पट्टी, नाव, रंग, सगळं जागच्या जागी.

लवू : बघ. मी म्हणत होतो. चढव आता.

अनुपमा : चढवते. फोटो चढतील.

लवू : आणि लेख?

अनुपमा : लेख यात नाहीत.

लवू : नीट बघ.

अनुपमा : नीटच बघतेय. बाबा, ब्लॉगचे दोन भाग असतात. एक फाइल्स. म्हणजे फोटो, मांडणी, रंग. दुसरा डेटाबेस. तुम्ही लिहिलेला शब्दन् शब्द, लोकांच्या प्रतिक्रिया, तारखा, सगळं त्या डेटाबेसमध्ये. तो वेगळा काढावा लागतो. नितेशने फक्त फाइल्स घेतल्या. दीड वर्ष, दर रविवारी, त्याच त्या, माझी जुनी प्रत पुसून.

लवू : पण तो भरलाय गो. निम्म्यावर भरलाय, नितेशने दाखवलं मला.

अनुपमा : फोटो जड असतात. शब्दांना वजन नसतं. तुमचे चारशे बारा लेख एकत्र केले तरी कुणाच्या बारशाच्या दहा फोटोंएवढे होतील.

लवू : असं बोलू नको.

अनुपमा : बरं. हाताने लिहिलेले कागद?

लवू : ते रद्दीत. तू टाइप केलंस की मी द्यायचो. म्हटलं, आता कॉम्प्युटरवर गेलं, आता मरण नाय त्याला.

अनुपमा : इंटरनेटवर जुन्या पानांच्या नकला राहतात कुठे कुठे. पण त्या तुम्हीच बंद करायला लावल्या होत्या माझ्याकडून. लोक चोरतील म्हणून.

लवू : चोरत होतेच. त्या लालबागवाल्याने माझा उतारा स्वतःच्या नावाने फिरवलान.

अनुपमा : आता त्याच्याकडे विचारा. एक उतारा तरी मिळेल.

लवू : तू थट्टा कर. गोदूआत्या गेली, बाळा मास्तर गेला गेल्या मार्गशीर्षात. खोलीत सतरा माणसं कशी पाळीपाळीने झोपायची, संपात कोणाच्या घरात कोणाची चूल पेटली, हे सांगणारं आता कोण उरलंय? त्यांच्या तोंडचं मी एकट्याने धरून ठेवलं होतं. ती माणसं पुन्हा बोलायची नाहीत, अनुपमा.

अनुपमा : माहीत आहे. त्यांची रेकॉर्डिंगं ऐकून मीच उतरवायचे, मग तुम्ही ती पुसायचात. गोदूआत्याला दात नव्हते. एकेक वाक्य सहा-सहा वेळा ऐकलंय.

लवू : माझ्या पंचाहत्तरीला गावचं मंडळ या लेखांचं पुस्तक काढतंय. छापखान्याला शुक्रवारी मजकूर द्यायचाय. निमंत्रणं गेली. सभागृह ठरलं. मी घरात कोणाला सांगितलं नाय, तुला सांगतो. जेवण जात नाय मला.

अनुपमा : दिसतंय. शर्ट सैल झालाय.

लवू : तू घ्यायचीस ना? शनिवारी?

अनुपमा : दर शनिवारी. दोन्ही भाग. आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून बघायचे, खरंच उघडतंय का. दहा वर्षं.

लवू : हे बघ. हेच. ही शिस्त. नितेशमध्ये कुठून येणार? मी मंडळात पण म्हणायचो, आमची सून म्हणजे...

अनुपमा : मंडळात तुम्ही म्हणायचात, "सून बटणं दाबते." मी मागे उभी होते, चहाचा ट्रे घेऊन.

लवू : ते गमतीत.

अनुपमा : हो ना. सगळे हसले पण.

लवू : म्हणजे तू गेलीस तोपर्यंतचं तुझ्या लॅपटॉपवर असणार. पुढचं दीड वर्षाचं गेलं तर गेलं. मी नवीन कितीसं लिहिलं? तीस-पस्तीस लेख.

अनुपमा : त्यातला एक माझ्यावर.

लवू : तुझं नाव नव्हतं त्यात.

अनुपमा : नाव नव्हतं. मुलुंडमधली, बँकेत असलेली, एका मुलीची आई असलेली, सासू मरणाला टेकली असताना घर सोडून गेलेली सून. मुलुंडमध्ये अशा किती असतील, बाबा? प्रांजलच्या शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर आला तो. तिच्या मैत्रिणीच्या आईने खाली रडणारे तीन चेहरे टाकले. प्रांजलने तो मला वाचून दाखवला. उच्चार छान आहेत तिचे.

लवू : मला काय माहीत, एवढा फिरेल.

अनुपमा : मी तीन फोन केले, काढा म्हणून. तिसऱ्या फोनला तुम्ही म्हणालात, "लिहिलेलं पुसायचं नसतं, तो इतिहास असतो."

लवू : पुसला ना आता. देवानेच पुसला. मग झालं की.

अनुपमा : देवाने बाकीचे चारशे पण पुसले. माझ्यासाठी एवढं करायची गरज नव्हती त्याला.

लवू : अनुपमा, तुझ्या पाया पडू?

अनुपमा : नको. गुडघे दुखतात तुमचे, उठवायला मलाच लागेल. पाया पडण्याने वाचकांना काही कळत नाही. लेख लिहा.

लवू : कसला लेख?

अनुपमा : खरा. साइट आत्ता उभी करते. पहिला लेख तो जाईल. मग फोटो चढवते. मग माझ्याकडे जे काही आहे, ते सगळं देते.

लवू : सगळं?

अनुपमा : एक अक्षर मागे ठेवणार नाही.

लवू : मग हरकत काय. कागद दे.

अनुपमा : कागद कशाला? पूर्वीसारखं. तुम्ही सांगा, मी टाइप करते. फोनवर ओटीपी आला असेल, तो वाचा आधी.

लवू : चष्मा... हां. सात, शून्य, चार, चार, एक, नऊ.

अनुपमा : झाली उभी. सांगा.

(लवू उठून खिडकीपाशी जातो, हात पाठीमागे बांधतो. मुलुंडच्या घरी मजकूर सांगताना तो असाच उभा राहायचा.)

लवू : घे. "प्रिय वाचकहो, काळाच्या ओघात माणसाच्या लेखणीतून कधीकधी अनवधानाने..."

अनुपमा : अनवधान खोडते. तीन फोन झाले होते.

लवू : मग "भावनेच्या भरात" घाल.

अनुपमा : नितेश सांगत होता, दोन दिवस तुम्ही त्यातल्या उपमा बदलत होता. भर एवढा टिकत नाही.

लवू : तूच सांग मग, काय लिहू.

अनुपमा : मी फक्त बटणं दाबते.

लवू : ...घे. "माझी सून माझ्या आजारी पत्नीला टाकून गेली, असे मी लिहिले होते. ते खरे नाही."

अनुपमा : "खरे नाही" ठेवू? की सरळ "खोटे आहे"?

लवू : एकच ना ते.

अनुपमा : मग "खोटे आहे" ठेवते. पुढे.

लवू : "ती एकोणीस रात्री इस्पितळात माझ्या पत्नीजवळ होती. पत्नीच्या तेराव्यानंतर ती घर सोडून गेली."

अनुपमा : आणि तुम्ही किती वेळा होतात?

लवू : ते कशाला त्यात?

अनुपमा : तुम्हीच शिकवलंत मला, आकडा घातला की वाचकाला पटतं. एका बाजूचा आकडा घातला, दुसऱ्या बाजूचा नको?

लवू : "मी दोनदा गेलो."

अनुपमा : कशाला?

लवू : एकदा सही करायला.

अनुपमा : आणि एकदा?

लवू : तू विसरत नाहीस ना काही.

अनुपमा : नाही.

लवू : "एकदा पत्नीचा हात हातात घेऊन फोटो काढायला. लेखासाठी."

अनुपमा : तो फोटो आहे बघा पेनड्राइव्हवर. शाबूत. पुढचं वाक्य?

लवू : झालं की. माफी घाल शेवटी.

अनुपमा : माफी नको. लेखांचे शेवट तुम्हाला कधी जमले नाहीत, शेवट मी करायचे. तेच सांगा.

लवू : ते कोणाला कळणार आहे? कशाला उगाच...

अनुपमा : शुक्रवारी छापखान्याला काय द्यायचंय?

लवू : ...घे. "या ब्लॉगवरील अनेक लेखांचे शेवट माझ्या सुनेने लिहिले."

अनुपमा : अनेक म्हणजे?

लवू : मला काय माहीत.

अनुपमा : दोनशे साठ. मोजलेत मी. गोदूआत्याचा पण. त्यावर तुम्हाला जिल्ह्याचं बक्षीस मिळालं होतं. घालू?

लवू : घाल.

अनुपमा : खाली नाव?

लवू : लवू गोपाळ सावंत.

अनुपमा : टाकला.

लवू : बरं झालं. छातीवरचं ओझं उतरलं म्हणतात ना, तसं वाटतंय. आता दे गो. एवढं टाइप करून घेतलंस, आता तुझ्याकडचं दे.

अनुपमा : काही नाही माझ्याकडे.

लवू : म्हणजे?

अनुपमा : मी घर सोडलं त्याच्या पुढच्या महिन्यात तुम्ही मला एक यादी पाठवली होती. काय काय परत करायचं त्याची. तुमच्याच अक्षरात. एक, पितळी समई. दोन, नथ. तीन, कुकरचं झाकण. सातव्या नंबरावर, "लॅपटॉपमधील माझा सर्व मजकूर व त्याच्या प्रती कायमच्या नष्ट करणे."

लवू : ती यादी वकिलाने...

अनुपमा : अक्षर तुमचं होतं. मी तुम्हाला फोन करून विचारलं, बाबा, ही एकच चांगली प्रत आहे, ठेवू? तुम्ही म्हणालात, परक्या घरात माझं लिखाण नको. नितेश इथे येऊन उभा राहिला, मी त्याच्यासमोर पुसलं. लॅपटॉपमधली कचऱ्याची टोपली पण रिकामी करून दाखवली. त्याने खाली सही केली, मिळालं म्हणून. कुकरच्या झाकणासकट.

लवू : नितेशला हे माहीत होतं?

अनुपमा : तो का आला नाही असं वाटतं तुम्हाला?

लवू : मला बोलला नाय तो. एका शब्दाने बोलला नाय. सकाळी रिक्षात बसवून दिलंन मला.

अनुपमा : प्रेमाने बसवलं असेल.

लवू : पण तू म्हणालीस, सगळं देईन.

अनुपमा : माझ्याकडे जे आहे ते सगळं, असं म्हणाले. पाणी देऊ?

लवू : आधी सांगायचं होतंस गो. दारातच सांगायचं होतंस.

अनुपमा : दारात सांगितलं असतं तर तुम्ही दारातूनच गेला असता.

लवू : म्हणजे आता काहीच नाय.

अनुपमा : फोटो आहेत. आणि हा लेख आहे.

लवू : शुक्रवारी मंडळवाल्यांना काय देऊ?

अनुपमा : लिंक द्या. बाबा, पाणी घ्या. घाम आलाय.

लवू : वर नाव माझंच आहे ना? तुझं नाय ना घातलंस?

अनुपमा : तुमचंच आहे. मोठ्या अक्षरात.

लवू : कोणी वाचलं काय?

अनुपमा : आत्ता टाकलाय. पाच मिनिटं झाली नाहीत.

लवू : नाय, तरी बघ.