शेवटचा रकाना

नाही, बाहेरचा आहे म्हणून हात लावत नाही असं तुम्ही तरी म्हणू नका, तुमचं हे तिसरं दुकान — पहिल्याने लॅपटॉपचं झाकण बघूनच मान हलवली, दुसरा म्हणाला, काका, याचे पार्ट इथे मिळत नाहीत. आणि कंपनीचा फोन, तो तर विचारूच नका. चाळीस मिनिटं गाणं ऐकवलं, मग एक बाई म्हणते, जिथे घेतलाय तिथेच न्या. अहो, तिथे म्हणजे साता समुद्रापलीकडे, कोपऱ्यावर नाही. तर म्हणते, आणखी काही मदत करू का? आणखी म्हणजे? आधीची कुठली केली?

काय म्हणालात? इथलाच का नाही घेतला? माझी मुलगीही तेच म्हणत होती — ती तिकडेच असते, सहा वर्षं झाली — बाबा, इथे थोडा स्वस्त पडेल, पण बिघडला तर धावाधाव तुमचीच. मला शिकवते. अहो, बत्तीस वर्षं कारखान्याच्या खरेदी विभागात काढली मी. साधा पंखा घ्यायचा तरी तीन कोटेशनं, तुलनातक्ता, आणि शेवटचा रकाना विक्रीनंतरच्या सेवेचा — तो कोरा असेल तर कागद माझ्या टेबलावरून हलत नसे, लोक मागून शिव्या घालायचे. याचाही तक्ता केला — किंमत, वजन, कस्टम, सगळं — आणि तो शेवटचा रकाना आखलाच नाही. विसरलो? छे. आखला असता तर इथलाच घ्यावा लागला असता, आणि मग तो घेऊन यायचा म्हणून तरी ती येईल, हे कारणही गेलं असतं. खोली झाडून ठेवली होती तिची. तर बाईसाहेबांनी ऑफिसातल्या कुणाच्या तरी हाती पाठवला — तो गृहस्थ दारातूनच गेला, पाणीसुद्धा घेतलं नाही त्याने.

असो. तुम्ही फक्त दुकानाच्या कागदावर लिहून द्या, शिक्क्यानिशी — इथे दुरुस्त होणार नाही, तिकडेच न्यावा लागेल. बिघडलेली बॅटरी कुरियरवाले घेत नाहीत, मी चौकशी केलीय, म्हणजे न्यायला माणूसच यायला हवं, आणि तिच्याशिवाय कोण — काय करताय? तो कुठला चार्जर लावलात?

चालू झाला.

नुसता चार्जर गेला होता होय.

नको, नवा चार्जर नको. तुमचे तपासणीचे देतो मी. बंद करा तो — बंद करा म्हणतो ना. आणि लिहा, इथे होणार नाही.