चिरायची की उलटी करायची

—नाही बाबा, पडून राहा, मान वळवू नकोस. नर्सची ट्रॉली होती नुसती. मी दचकले, तू कशाला दचकतोस? हां, तर ऐक. डॉक्टर पराटांनी दोन तऱ्हा सांगितल्या. एक म्हणजे मानेतली रक्ताची नळी उभी चिरायची, आत साचलेला चरबीचा थर खरवडून काढायचा नि वर ठिगळ लावून शिवायचं. ठिगळ कशाचं माहितीये? गाईच्या काळजावरच्या पडद्याचं! हसू नकोस, खरंच. दुसरी—नळी मुळाशी आडवी कापायची, स्वेटरच्या बाहीसारखी उलटी करायची, थर सुटून आला की परत जागेवर शिवायची. ठिगळच नाही. जांघेतून तार घालून आत जाळी बसवतात म्हणे, पण तुझ्या वयाला त्यात अर्धांगाच्या झटक्याची भीती जास्त, म्हणून ती नको म्हणाल्या. आणि या दोन्हींत? सारखंच म्हणाल्या जवळपास—पण त्यांचा हात उलटी करण्यावर बसलाय. मग तीच करू ना? उद्या सकाळी?

काय? वासरं झाल्यावर? बाबा, ऑगस्ट आत्ता कुठे लागलाय, शेवटचं वासरू व्हायला ऑक्टोबर उजाडेल! शेजारचा मर्व्ह बघतोय ना गाईंचं—हो, येतात त्याला सड धुता, येतात! परवा तुझा उजवा हात लुळा पडला, दूध काढायच्या यंत्राचे पेले हातातून गळले, तरी डाव्या हाताने सगळ्या गाई उरकल्यास नि मग मला हाक मारलीस. वर म्हणे, हाताला मुंग्या आल्या होत्या, आता चालतोय की नीट. आणि आता थांबायचं म्हणतोस? पुढचा झटका याच आठवड्यात—नाही, तसं नाही म्हणाल्या. म्हणजे, म्हणाल्या, पण मी तुला सांगणार नव्हते. असा बघू नकोस ना. दाराशी आईचे गमबूट अजून तसेच आहेत, त्यांच्या शेजारी तुझेही नुसतेच—जाऊ दे.

पूर्ण भूल देणार नाहीत हं. जागं ठेवतात, उजव्या हातात पिंपिं वाजणारं रबरी बदक देतात. दाब म्हणाले की दाबायचं, म्हणजे मेंदूला रक्त पोचतंय हे कळतं. पोरखेळच की नाही? करून बघू? धर माझा हात. हां, उजवा. दाब.

अहं, थट्टा नको. दाब ना. उद्याला हो म्हणायचं तर दाब—बरं, नाही म्हणायचं तरी दाब. थांबू आपण, वासरं होईपर्यंत थांबू, मी काही बोलणार नाही. तू दाब फक्त. बाबा?

सिस्टर—