डाव्या पायाचे बूट

आत्या : या, दोघंही इकडे सरका, जवळ बसा. सूनबाई, राहू दे ती भांडी, कुठे पळून जात नाहीत. आणि तू रे, भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग आणू नकोस. झोपलेल्या माणसाचा अंगठा असा हलत नाही. ऊठ. एक गोष्ट सांगते. अशी गोष्ट, की नीट ऐकलीत तर संध्याकाळी चूल पेटेल.

भाचा : आत्या, गोष्टी ऐकून चूल पेटत असती तर तुझ्या त्या कीर्तनकार बुवांच्या पुढे बसणारे सगळे गलेलठ्ठ झाले असते.

आत्या : मी नाही का झाले? सरक. हं. तर मंडळी—

भाचा : मंडळी कुठली? आम्ही दोघं आहोत.

आत्या : देव धरून तीन. तर मंडळी, एक होता बूटवाला. चांगला कारागीर. बुटांच्या मोठ्या कारखान्यात कामाला. रस्त्याच्या अलीकडे डाव्या पायाचं खातं, पलीकडे उजव्या पायाचं.

सून : लग्न होऊन आले तेव्हा मला हे कुणी सांगितलं तर थट्टाच वाटायची. डावे बूट एका इमारतीत, उजवे दुसरीत.

भाचा : थट्टा कसली त्यात? चोरी होऊ नये म्हणून. एका पायाचा बूट चोरून कोण काय करणार? दोन्ही पायांची गाठ पडायची ती थेट पेटीत भरतानाच.

आत्या : गोष्ट मी सांगतेय ना? तर हा डाव्या खात्यातला. एक दिवस मोठं गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं आणि कारखान्याला कुलूप लागलं. मालक म्हणाला, शेवटचा पगार द्यायला पैसे नाहीत, गोदामातला माल घेऊन जा. ज्याने त्याने पोती उचलली. आपला बूटवाला मात्र सगळे जाईपर्यंत थांबला. मग मागच्या गल्लीतून पोती घरी आणली, पलंगाखाली ढकलली, दार लावून घेतलं आणि निजला. तो निजलाच.

भाचा : वा. माझीच गोष्ट मला.

आत्या : तू कशाला अंगावर घेतोस? माझ्या बूटवाल्याला मिशा आहेत.

सून : यांनाही येतायत. दाढी केली नाही तेव्हापासून.

भाचा : तूही आत्याच्या बाजूने?

आत्या : मिशा राहू दे. पण त्याने दार लावलं ना, तिथेच चुकलं. नोकरी गेली म्हणजे घरात आग लागल्यासारखं आहे बाबा. आग लागली की माणूस दारं लावून घेतो, की उघडून ओरडतो? हा आतून कडी घालून बसला, का, तर धूर शेजाऱ्यांना दिसू नये!

भाचा : बोलायला सोपं आहे. उद्या घरमालकीण भाड्याला येईल, तिला काय सांगू? मी खात्यातला पहिल्या नंबरचा कारागीर होतो. मुकादम माझा बूट नमुना म्हणून दाखवायचा. आता जिन्यात उभा राहून हात जोडू?

सून : ती उद्या यायची नाही.

भाचा : म्हणजे?

सून : मी परवाच सांगून आले. कारखाना बंद पडलाय, पूर्ण भाडं जमणार नाही, पण बुडवणारही नाही. आधी कपाळाला आठ्या घातल्या तिने. मग म्हणाली, जिना झाडणारी सोडून गेलीय. मी म्हटलं, मी झाडते. अर्धं भाडं त्यात वळतं.

भाचा : माझ्याशी न बोलता?

सून : तुम्ही भिंतीशी बोलत होता. मध्ये कशी बोलू?

आत्या : शाब्बास गं! आणि लेकीच्या शाळेचं?

सून : तिथेही जाऊन आले. मोठ्या बाई म्हणाल्या, फी थकायच्या आधी सांगितलंत म्हणून काहीतरी करता येईल. थकल्यावर लोक येतात, तेव्हा त्यांचेही हात बांधलेले असतात. सवलत मिळेल बहुतेक. आणि भाजी मी आता बाजार उठताना आणते. तीच भाजी, जरा मऊ पडलेली. कालची खाल्लीत ना? कळलं का?

भाचा : नाही.

सून : मग झालं तर.

भाचा : लेकीला... लेकीला काय सांगितलंस?

सून : खरं तेच. बाबांचा कारखाना बंद झाला, बाबा दुसरं काम शोधणार आहेत, तोवर जपून. ती म्हणाली, मग बाबा शोधायला कधी जाणार?

आत्या : ऐकतोयस ना रे?

भाचा : ऐकतोय. मी काय हातावर हात ठेवून बसलोय का? ठरवलंय मी. दुपारी व्यापारी येतोय. पोती आहेत तशी, बांधलेली, एकगठ्ठा देऊन टाकतो. आणि माझी हत्यारंही. आरी, हातोडी, साचे. ती बघवत नाहीत मला आता.

आत्या : हत्यारं? अरे, खुर्ची विक. ती भिंतीवरची टीव्हीची पेटी विक, तशीही तू भिंतच बघतोस. पाहिजे तर माझं गाठोडं विक. पण हत्यार विकायचं नाही. बाकीच्या वस्तू गेल्या की गेल्या, पण हत्याराने पुन्हा सगळं येतं. ते विकलंस तर उद्या काम दारात आलं तरी त्याला बसायला काय देशील? आणि पोती न उघडता विकणार?

भाचा : उघडून काय बघायचंय? सगळा एकच माल. तपकिरी, जाड तळाचा. रस्त्यावर मांडून बसलो तर येणारे-जाणारे बघतील. त्यापेक्षा तो देईल ते घ्यावं.

आत्या : चवथाई किंमत देईल तो. चार दिवस दाढी न केलेला माणूस समोर दिसला की चवथाईतलीही चवथाई. बरं, विक. पण आत्याला एक जोड आधी काढून दे. माझ्या वहाणेचा अंगठा तुटलाय.

भाचा : आत्ता?

आत्या : मग काय व्यापाऱ्याकडून विकत घेऊ?

(तो पलंगाखालून पोतं ओढतो, सुतळी सोडतो.)

भाचा : हा घे. सहा नंबर. बघ, टाच बघ कशी बसलीय.

आत्या : सुरेख. दुसरा पाय?

भाचा : देतो. हा... हा नव्हे. थांब. हा पण... एक मिनिट.

सून : काय झालं?

भाचा : काही नाही. तळाशी असतील.

सून : सरका, मी बघते. डावा. डावा. हा डावा. हाही... अहो, दुसरं पोतं उघडा.

भाचा : नको.

सून : उघडा म्हणते ना!

भाचा : डावेच आहेत. त्यातही डावेच असणार. मी... अगं, मी आपल्या खात्याच्या गोदामात गेलो. पाय आपोआप तिकडेच वळले. इतकी वर्षं कारखान्यात शिरलो की डावीकडे वळायचं. कुलूप लागल्या दिवशीही डावीकडेच वळलो, पोती उचलली, निघालो. फाटकावरच्या पहारेकरी आजोबांनी कुबडी आपटून हाक मारली होती, "अरे, उघडून बघ, उघडून बघ." मी मागे वळूनही पाहिलं नाही.

आत्या : सूनबाई, तुला हसू येतंय का?

सून : नाही.

आत्या : मला येतंय. देवा रे देवा! पगार घेतला, तोही एका पायाचा!

भाचा : हसा. हसा दोघी. संपलं आता. व्यापारीही घेणार नाही. भंगारवाल्याला रबराच्या भावाने घाला. भाडं गेलं, फी गेली, सगळं गेलं.

सून : अहो, जरा गप्प बसा. उजवे कुठे आहेत?

भाचा : उजव्या गोदामात. म्हणजे होते. ते उजव्या खात्यातल्यांनी...

सून : हं?

भाचा : उजव्या खात्यातल्यांनी उचलले.

सून : माझा दादाही उजव्या खात्यातलाच. त्याने किती पोती नेली, माहितीये? वहिनी परवा नळावर भेटली होती. म्हणाली, पलंगाखाली पोती आहेत, तुझा भाऊ दार लावून बसलाय, पोत्याला हात लावू देत नाही.

आत्या : त्यालाही मिशा आल्या असतील.

भाचा : मी तिथे जाणार नाही.

आत्या : का रे? सख्खा मेव्हणा तुझा.

सून : मी सांगते. कुलूप लागलं त्या दिवशी, फाटकापाशी, सगळ्यांसमोर, हे दादाला म्हणाले, उजव्या खात्यातल्यांनी कामात अंगचोरी केली, म्हणून गिऱ्हाईक गेलं. तुमच्या पायाने आम्हाला बुडवलं.

भाचा : रागात बोललो.

सून : दादाने ऐकलं. पोतं खांद्यावर घेतलं आणि चालू लागला. खरं होतं ते?

भाचा : नाही. त्याची शिलाई माझ्यापेक्षा... नाही, खरं नव्हतं. गिऱ्हाइकाला दुसरीकडे स्वस्त मिळालं, बस्स. दोन्ही पायांची त्यात काही चूक नव्हती.

आत्या : मग हेच सांगायचं त्याला.

भाचा : आत्या, गरज लागली म्हणून आला, असंच म्हणेल तो.

आत्या : म्हणू दे. गरज लागलीच आहे. त्यात खोटं काय? तर मंडळी, गोष्ट कुठे आली होती? हं. बूटवाल्याच्या घरात सगळे डावे. पलीकडच्या आळीत त्याच्या मेव्हण्याच्या घरात सगळे उजवे. दोघांनीही दार लावलेलं. दोघांच्या पोत्यांत भंगार. देव वरून बघतोय आणि कपाळावर हात मारून घेतोय, की अरे, मी एवढं जोडीने दिलं आणि यांनी निम्मं निम्मं लपवून ठेवलं! मग तो बूटवाला उठला, आणि...

सून : आणि?

भाचा : आणि काय? थांबलीस का?

आत्या : पुढचं मला काय माहीत? तू अजून उठला नाहीस.

(भाचा बाहेर काढलेले बूट पोत्यात भरू लागतो.)

सून : आत्याबाई, चहा टाकू का? बिनदुधाचा आहे.

आत्या : टाक. ह्याचा नको टाकूस. हा बाहेर जाणार आहे.

भाचा : तो दारच उघडणार नाही.

सून : उघडेल. सराव करा. मी दादा. हं, वाजवा दार.

भाचा : काहीतरीच.

सून : वाजवा म्हणते ना. "कोण आहे?"

भाचा : मी.

सून : "मी कोण? मी खूप असतात."

भाचा : तो असं बोलत नाही.

सून : माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत? "काय काम आहे?"

भाचा : दादा, माझ्याकडे डावे आहेत.

सून : "मग मी काय करू?"

भाचा : आणि... त्या दिवशी फाटकात मी जे बोललो ते खोटं होतं. सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांसमोरच परत घेतो. चल, दोन्ही खात्यांना बोलावू.

सून : हे कुठून आलं? दोन्ही खाती?

भाचा : अगं, मी एकटाच का डावीकडे वळलो असेन? सगळेच आपापल्या गोदामात गेले! आमच्या खात्यातल्या प्रत्येकाच्या पलंगाखाली डावे, त्यांच्या प्रत्येकाच्या पलंगाखाली उजवे. सगळे दारं लावून बसलेत, आपणच एकटे मूर्ख म्हणून. एकाच मालाची पोती आहेत, नंबर जुळवायचे तेवढे. घरमालकिणीचं मागचं अंगण रिकामं असतं ना? विचारतेस तिला?

सून : विचारते. झाडूनही देते.

भाचा : एका कडेला जोड्या लावू. दुसऱ्या कडेला मी आणि दादा हत्यारं घेऊन बसू. ज्याला नवे परवडत नाहीत, त्याच्या जुन्याला टाच घालून देऊ. बूट काय रोज विकले जातात? पण टाच रोज कुणाची ना कुणाची झिजते. व्यापारी आला तर म्हणावं, जोडीचा भाव असेल तर बस, नाहीतर पुढचं घर बघ.

आत्या : माझा बूटवाला बोलायला लागला गं!

भाचा : वस्तरा कुठे आहे?

सून : खिडकीत. पाणी गरम ठेवलंय.

भाचा : कधी ठेवलंस?

सून : आत्याबाई गोष्ट सांगायला बसल्या तेव्हाच.

आत्या : जरा लवकर आटप. तो दुसरा मिशीवाला तिकडे भिंतीकडे तोंड करून पडलाय. आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस. एक डावा घेऊन जा. दार उघडलं की बोलायच्या आधी तोच पुढे कर. उरलेलं त्याला कळेल, कारागीर आहे.

भाचा : कुठला नेऊ?

सून : नऊ नंबर. दादाचा पाय नऊचा आहे.

भाचा : झालं. कसा दिसतोय?

सून : कामाला निघाल्यासारखे. आणि हे बघा, लेक चारला येईल. बाबा कुठे म्हणून विचारेल. काय सांगू?

भाचा : शोधायला गेलेत म्हणून सांग. नाही, थांब. मामाकडे गेलेत म्हणून सांग. तिलाही तिकडेच घेऊन ये. नंबर वाचता येतात तिला, जोड्या लावेल.

आत्या : देव भलं करो. जा. आणि जाता जाता एवढं ऐक. कितीही मोजून लावलंस तरी शेवटी एखादा डावा उरेलच. तो भंगारात टाकू नकोस.

भाचा : एका बुटाचं काय करू?

आत्या : फाटकावरच्या आजोबांना दे. एकच पाय त्यांना, डावा. जन्मभर जोड विकत घेतात आणि अर्धा टाकून देतात. फाटक कुठल्याच खात्यात येत नव्हतं, म्हणून पोतं त्यांना कुणी दिलंच नाही. तरी हाक मारली त्यांनीच तुला.

भाचा : खरंच की. त्यांचा नंबर कुठला, कुणास ठाऊक.

आत्या : जाऊन विचार. त्यांची आठवण ठेव रे बाळा. तेही दार लावून बसले असतील.