मी ‘ओके’ म्हणाले तेव्हा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आदरणीय प्राचार्या निशिगंधा भोईर मॅडम. व्यासपीठावरचे आमच्या गिर्यारोहण मंडळाचे मार्गदर्शक अभय सर. पहिल्या रांगेत बसलेले मनस्वीचे आईवडील पंढरीकाका आणि भागीरथीकाकू. त्यांच्या शेजारी बसलेले माझे आईबाबा. मंडळाचे आजी-माजी सभासद. आणि परवा उत्तराखंडाला निघणारी आपली सत्कारमूर्ती, मनस्वी. सर्वांना माझा मनःपूर्वक नमस्कार.

सूत्रसंचालक विपुलने आत्ता माझी ओळख करून दिली, ‘मनस्वीचा जीव वाचवणारी आणि मैत्रीखातर स्वतःची जागा सोडणारी उज्वला’ अशी. आपण टाळ्याही वाजवल्यात. विपुल, तुझी काही चूक नाही. सगळ्या कॉलेजला तेवढंच माहीत आहे. पण ती दोन्ही वाक्यं खरी नाहीत, आणि ते सांगायलाच मी आज माइक मागून घेतला आहे.

निरोपाच्या भाषणात सत्कारमूर्तीचे गुण सांगायचे असतात. मनस्वीचे गुण माझ्याइतके कुणाला पाठ असणार? तीन वर्षं मी त्या गुणांवर जळले आहे.

मंडळात मी आधी आले. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, बाबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी. डोंगर सुट्टीत गावी गेल्यावरच दिसायचा. पहिल्या वर्षी मी पडद्याची दोरी पलंगाच्या पायाला बांधून, मोबाईलवर व्हिडिओ बघत गाठी शिकले. आई म्हणायची, “अगं, पलंगाला काय फाशी देतीस काय?” दोन महिने घोटल्यावर मला आठाची गाठ न बघता यायला लागली. मग एकटीला जायचा कंटाळा म्हणून वर्गातल्या मनस्वीला सोबत घेऊन गेले. हो, तिला मंडळात मीच आणलं.

पहिल्याच रविवारी सरांनी तिच्या हातात दोर दिला. तिनं कमरेभोवती घेतला आणि एका हातानं गाठ मारली. एका हातानं! सर म्हणाले, “कुठं शिकलीस?” ही म्हणाली, “बाबा होडी अशीच बांधतात.” नेरूळजवळच्या सारसोळ्याच्या खाडीत पंढरीकाकांबरोबर ती लहानपणापासून जात होती. तिला ते शिकणं वाटतच नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन मी पलंगाची दोरी सोडून टाकली.

पुढं प्रबळगडाचा ट्रेक झाला. नकाशा माझ्याकडे, होकायंत्र माझ्याकडे, बारा ज्युनियर माझ्या मागे, आणि उतरताना वाट चुकलेली मीच. नकाशा फिरवून फिरवून बघत होते. मनस्वी हळूच जवळ येऊन म्हणाली, “उज्वला, डावीकडनं. येताना त्या फुटक्या कातळाकडं मी वळून बघितलेलं. वाट जाताना एक दिसते नि येताना दुसरीच दिसते. सारखं मागं बघत जायचं.” अर्ध्या तासात आम्ही पायथ्याला होतो. सगळ्यांसमोर तिनं मला कमीपणा येऊ दिला नाही. याचा मला आणखीच राग आला. पुढच्या महिन्यात नव्या मुलांना मी शिकवलं, ‘चालताना वारंवार मागे वळून पाहा.’ कुणी शिकवलं ते सांगितलं नाही. प्रिया, रोहन, तुमच्या वहीत ते वाक्य माझ्या नावावर असेल. ते खोडा.

मंडळी, ईर्ष्या मोठ्यानं भांडत नाही. ती मैत्रिणीच्या पाठीवर थाप मारते, तिच्या फोटोला सगळ्यात आधी लाईक देते, आणि तिचा पाय कधी घसरतो याची वाट बघते.

या फेब्रुवारीत निवड चाचणी झाली. उत्तराखंडातल्या अठ्ठावीस दिवसांच्या गिर्यारोहण अभ्यासक्रमाला मंडळातर्फे एकच जागा, आणि शेवटच्या फेरीत आम्ही दोघी. खारघरच्या डोंगरातल्या कातळावर एकीनं चढायचं, दुसरीनं खाली उभं राहून तिचा दोर सांभाळायचा. चढण्याआधी दोघींनी एकमेकींचा पट्टा, बकल, गाठ तपासायची आणि ‘ओके’ म्हणायचं. हा आमच्याकडचा पहिला धडा. त्या ‘ओके’वर समोरचा माणूस आपला जीव ठेवतो.

माझी चढाई झाली होती. बरी झाली होती, फार नाही. मनस्वी कमरेचा पट्टा बांधत होती, तेवढ्यात कुणीतरी तिला फॉर्मवर सही करायला बोलावलं. परत आली ती घाईत. आमचे पट्टे जुन्या पद्धतीचे आहेत. बकलातून ओवलेलं टोक पुन्हा उलटं फिरवून घ्यायचं असतं. तसं केलं नाही आणि भार पडला, तर पट्टा सरकून सुटू शकतो.

ते टोक फिरवलेलं नव्हतं. मी बघितलं. स्पष्ट बघितलं.

तिनं विचारलं, “ओके?”

मी म्हणाले, “ओके.”

का म्हणाले? तिचं वाईट व्हावं असं मनात होतं का? ती वर पोहोचली की सरांच्या ते लक्षात येईल, तिचे गुण जातील, एवढंच मनात होतं असं मी स्वतःला सांगत आले. पण ती कातळाला हात घालून निघाली आणि मी दोर सोडत, ओढत राहिले. एक पुरुष उंच वर गेली. दोन पुरुष वर गेली. सुंदर चढत होती. तिचा उजवा पाय जरासा घसरला, तिनं सावरला.

मी ओरडले, “मनू, थांब! दोरावर भार देऊ नको! बकल उघडंय!”

ती घाबरली नाही. डावीकडच्या कपारीत दोन्ही पाय रोवले, एका हातानं खडक धरला, दुसऱ्या हातानं टोक फिरवून घेतलं, आणि वर गेली.

खाली सगळे मला म्हणाले, काय नजर आहे तुझी! स्वतःचं बकल न तपासल्याबद्दल तिचे गुण कापले गेले. माझं ‘ओके’ नजरचूक समजून सोडून दिलं गेलं, उलट दक्षतेबद्दल मला गुण मिळाले. दोन गुणांनी जागा माझी झाली. आईनं चाळीत पेढे वाटले.

मग एका दुपारी भागीरथीकाकू नेरूळहून कळंबोलीला, दोन रिक्षा बदलून, आमच्या घरी आल्या. सोबत कोलंबीच्या कालवणाचा डबा. दारातच त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला, कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाल्या, “माजे पोरीला तू राखलंस गो बाय. तुजं उपकार हाय.” आईनं ताट वाढलं. मी नुसता भात चिवडत बसले. आई म्हणत होती, “खा की गं, का खाईनास? एवढ्या लांबनं आणलंय त्यांनी.”

दुसऱ्या दिवशी मी सारसोळ्याच्या जेट्टीवर मनस्वीला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, “किती वर होते मी?”

“दोन पुरुष.”

“आणि तू पहिल्यापासून बघितलेलं?”

“हो.”

“सरांना सांग,” म्हणाली आणि निघून गेली.

मी सरांना सांगितलं. जागा तिची होती, तिला मिळाली. वर्षभर मी कुणाचाही दोर धरायचा नाही असं सरांनी बजावलं, आणि ते योग्यच आहे. मी जागा सोडली नाही, ती माझ्याकडून काढून घेतली गेली. सर एवढंच म्हणाले, “बाकीच्यांना कधी सांगायचं ते तू ठरव. पण सांग.”

पाच आठवडे मनस्वी माझ्याशी बोलली नाही. मागच्या सोमवारी तिचा फोन आला. “निरोपाला तू बोल. माझ्या आईला मी काही सांगितलेलं नाय. ती तुझ्या घरी आली होती ना, मग तिला तूच सांग. सगळ्यांसमोर.” मी विचारलं, “आपण परत मैत्रिणी होऊ?” ती म्हणाली, “ते मला आत्ता माहीत नाय.”

मनस्वी, तू समोर बसली आहेस, गळ्यात हार आहे. खोटं कशाला बोलू, तो हार बघून मला आत्ताही टोचतंय. तू बर्फावर पाय ठेवशील त्या दिवशी मी कळंबोलीत बसून जळेन. ते थांबवणं मला अजून जमलेलं नाही. तरी तू शिखरावर पोहोचावंस आणि सगळी बोटं शाबूत घेऊन परत यावंस, हेही तितकंच मनापासून वाटतं.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे, सरांचे आणि आपणा सर्वांचे आभार. समारंभाचा रंग बिघडवला असेल, बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर सभागृहानं मोठ्या मनानं पोटात घालावं. पण त्या ‘ओके’ची क्षमा सभागृहानं द्यायची नाही. भागीरथीकाकू, ती मी तुमच्याकडं मागते. तुम्ही उठून गेलात तरी चालेल. मी इथंच उभी आहे.