अकरावं नाव

कान्हे स्टेशनच्या बाकड्यावर तो लोणावळ्याच्या गाडीची वाट बघत बसला होता. कामावर घेतल्याचा कागद खिशात होता. शेजारी दोघंजण तंबाखू मळत बोलत होते. त्यातला टोपीवाला खंडाळ्याच्या बोगद्यात काम करणाऱ्या रेल्वेच्या गँगचा होता.

“तुमचा शमुवेल मुकादम अजून प्रार्थना करतो का रं?”

“रोज. बोगद्याच्या तोंडाशी एकेकाचं नाव घेतो. म्हनतो, ‘प्रभू, ह्याला सांभाळ.’ आमी धाच्या धा जन टोप्या काढून उभं राहतो.”

“आरं, तू तर खंडोबाचा!”

“व्हय. पन आता त्याबिगर आत पाय टाकवत न्हाई.”

“सायबानं मनाई केलती ना?”

“केलती. मुकादम म्हनला, ‘माजी नोकरी काढून घ्या, पन नावं घेतल्याबिगर मानसं आत न्हेनार न्हाई.’”

“भला मानूस.”

“लय भला. पन काल त्यानं अकरावं नाव घेतलं.”

“चुकून?”

“बासष्ट साली बी असंच घेतलं व्हतं. आठ दिसांनी त्याच नावाचा मानूस कामावर आला. फुडं दरड पडली, पाच जन खाली गावले. आमच्यातले चौघं गेले. त्यो नवा तेवढा जिता निघाला.”

“आन् त्या चौघांची नावं?”

“त्यांची बी रोज घेत व्हता.”

“मुकादमाला इचारलं न्हाई?”

“इचारलं. म्हनला, ‘तोंडात येतं, मी घेतो.’”

“काल कुनाचं आलं?”

“शिदू पिंगळे.”

बाकड्यावरच्या माणसाचा हात खिशातल्या कागदावर गेला. तेवढ्यात सिग्नल पडला. दोघं उठले.

“पाव्हनं, तुमी कुटं?”

“खंडाळ्याला. बोगद्याच्या कामावर.”

“नाव काय म्हनायचं?”

“शिदू,” तो म्हणाला. “शिदू पिंगळे.”

टोपीवाल्याच्या तळहातावरची तंबाखू खाली सांडली. मग त्यानं हळूच डोक्यावरची टोपी काढली.